नक्कल आणि फेरफार: टिश्यूची केळी, बीटी कापूस आणि कर्नालची गाय

गुरुजी, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. यावल तालुक्यातल्या तुमच्या गावी महिला बचत गटासमोर क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी या विषयावर तुम्हाला तासभर बोलायचं आहे. निमित्त असं, की गटातल्या एका ताईंनी भर बैठकीत सांगितलं, "टिश्यूची केळी क्लोन असते, म्हणजे ती बीटीच झाली. आणि जिला स्वतःला बी नाही, ती खाऊन पोरींना मूलबाळ कसं होणार?" (टिश्यूची म्हणजे प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली.) सगळ्या गप्प झाल्या आणि, तुम्हीच लिहिलंय तसं, तुम्हीही. शिवाय शेजारच्या गोठ्यावरून आलेला प्रश्न: हरियाणातल्या कर्नालला गीर गाय क्लोन केली म्हणतात, मग आमची चांगली गाय क्लोन करून मिळेल का?

मी सव्वीस वर्षं ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली बहुतेक केळीच्या बाटल्यांपुढे. त्यामुळे ताईंच्या प्रश्नापासून सुरू करते. टिश्यूची केळी क्लोन आहे, हे खरं. ती बीटी नाही. तिच्यात बाहेरचं एकही जनुक, म्हणजे गुण ठरवणारी नोंद, घातलेलं नाही. आणि बी नसण्याचा टिश्यूशी काडीचा संबंध नाही. तुमच्या आजोबांच्या मळ्यातली बसराई केळी बिनबियांचीच होती, आणि तीही क्लोनच होती. ती खाऊन तुमचं घराणं वाढलंच ना?

घोळ होतो तो दोन शब्द एका श्वासात उच्चारल्यामुळे. वर्तमानपत्रात 'क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी' असं जोडूनच येतं, मग माणसांना ते विटी-दांडूसारखं एकच वाटतं. बचत गटातल्या बायकांना मी हे तलाठी कार्यालयाच्या भाषेत सांगते, कारण ती भाषा प्रत्येकीला पाठ असते.

क्लोनिंग म्हणजे नक्कल. सातबाऱ्याची नक्कल काढली की मूळ उताऱ्यावर जे आहे तेच, काना-मात्रेसकट, दुसऱ्या कागदावर येतं. जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे फेरफार. तिथे मूळ नोंदच बदलते, एखादं नाव चढतं किंवा कमी होतं. नक्कल काढली म्हणून जमीन दुसऱ्याच्या नावावर जात नाही. फेरफार नोंदवायला नक्कल काढावीच लागते असंही नाही. दोन्ही कामं एकाच कार्यालयात होतात, एवढंच त्यांचं नातं. गंमत म्हणजे महसुलातल्या फेरफाराला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात, आणि जीवशास्त्रात जनुकात झालेल्या बदलालाही म्युटेशनच म्हणतात. हा योगायोग लक्षात आला तेव्हा माझं अर्धं भाषण तयार झालं होतं.

हायब्रीड ही तिसरीच गोष्ट, आणि तिची गल्लत सगळ्यात जास्त होते. हायब्रीड म्हणजे लग्न. दोन वेगळ्या घराण्यांचं लग्न लावून झालेली संतती. तुमच्याकडे दिसते ती रेड लेडी पपई हायब्रीड आहे, जीएम, म्हणजे जनुकीय फेरफार केलेली, नाही. बिनबियांचं कलिंगडही जीएम नाही. रंगीत ढोबळी मिरची नाही, की बाजारातला कडक सालीचा टोमॅटोही नाही. भारतात शेतकऱ्याच्या शेतात व्यापारी लागवडीसाठी सर्रास परवानगी मिळालेलं जीएम पीक आजवर एकच आहे, ते म्हणजे बीटी कापूस. हे एक वाक्य फळ्यावर लिहिलंत तरी गावातल्या निम्म्या अफवा पुसल्या जातील.

आता नकलेकडे येऊ. 'क्लोन' हा शब्द डहाळीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतला आहे, आणि १९०३ साली एका वनस्पतिशास्त्रज्ञाने तो वापरात आणला तो झाडांसाठीच. फांदी तोडून, कलम बांधून, कंद फोडून वाढवलेल्या झाडांना काय म्हणायचं, असा त्याचा प्रश्न होता. म्हणजे डॉली या क्लोन मेंढीच्या आधी त्र्याण्णव वर्षं हा शब्द बागेतच वावरत होता. आणि ही कृती तर त्याहूनही कितीतरी जुनी आहे. उसाची टिपरी लावता तेव्हा तुम्ही क्लोन करता. पाडेगावहून प्रसारित झालेला को ८६०३२ आज महाराष्ट्रात जिथे जिथे उभा आहे, तिथे तिथे तो एकाच उसाचा विस्तार आहे. मोगऱ्याची फांदी कुंडीत खोचणारी तुमची सून क्लोनिंगच करते.

हापूसचं उदाहरण जरूर द्या. हापूसची कोय रुजवली तर झाड येतं, पण फळ हापूसचं येईल याची खात्री नाही, कारण कोयीत बापाचाही वाटा असतो. म्हणून कोकणात कलम बांधतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याच्या कलमांना चालना दिली आणि तिथून एका चवीच्या फळाची घराणी उभी राहिली. रत्नागिरी, देवगडातलं प्रत्येक हापूसचं झाड वरच्या भागापुरतं त्याच मूळ झाडांची नक्कल आहे. नकलेची दुसरी बाजूही हापूसच दाखवतो. वरून सोन्यासारखा आंबा कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो, त्याला कोकणात साका म्हणतात. मूळ हापूसमध्ये ही खोड आहे, म्हणून प्रत्येक कलमात ती उतरते. दापोलीच्या विद्यापीठाने नीलमशी संकर करून 'रत्ना' काढला त्यात साका नाही. पण तो लग्नाचा परिणाम. नुसत्या नकला काढत राहिलं असतं तर साका शंभर वर्षांनीही गेला नसता.

केळीकडे तर दुसरा पर्यायच नाही. रानकेळीत बोटभर फळात हरभऱ्याएवढ्या टणक बिया भरलेल्या असतात, गर नावाला. आपण खातो त्या केळीत गुणसूत्रांचे, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या धाग्यांचे, दोनऐवजी तीन संच आहेत. बी तयार होताना त्यांची समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. मधोमध दिसणारे काळे ठिपके म्हणजे राहून गेलेल्या बियांच्या खुणा. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी असं एखादं झाड पाहून त्याचा कंद उपटून दारात लावला, तेव्हापासून माणूस केळीच्या नकलाच काढत आला. ताईंना म्हणावं, केळीला बी नाही म्हणूनच ती फळ म्हणून खाता येते. पोटात गेल्यावर ती पचते, कुणाला वांझ करत नाही.

मग टिश्यूची केळी वेगळी कशात? कंद लावण्यात दोन अडचणी होत्या. एका झाडाला मिळणारे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, मोजके, आणि मुनव्याबरोबर आईच्या झाडाचे रोगही यायचे, सूत्रकृमी आणि विषाणू सगळं फुकटात. ऊतिसंवर्धनात आम्ही आधी मातृझाड निवडतो. घड, फण्या, निसवणीचा, म्हणजे घड बाहेर पडण्याचा, काळ बघतो आणि त्याची विषाणू चाचणी करतो. मग त्याचा तलवारीसारख्या पानांचा मुनवा काढून सोलत सोलत आतल्या शेंड्याच्या काही मिलिमीटरच्या कोंबापर्यंत जातो. तो निर्जंतुक करून बाटलीत ठेवतो. बाटलीत असतं जेलीसारखं अगार, क्षार, जीवनसत्त्वं, साखर आणि दोन प्रकारची संजीवकं, म्हणजे वाढीला वळण देणारी द्रव्यं. साखर म्हणजे तुमच्या चहातलीच. एक संजीवक जास्त दिलं की कोंबाला कोंब फुटतात, दुसरं दिलं की मुळं येतात. ही कृती आमची नाही. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं क्षारांचं प्रमाण आजही जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, तर बाटलीतल्या बांबूला फुलं आणली गेली होती. ज्या झाडाला फुलायला दशकं लागतात त्याला! १९९०मध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात ते छापून आलं, तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या मराठी पोरापोरींची छाती फुगली होती.

दर तीन-चार आठवड्यांनी कोंब वेगळे करून नव्या बाटल्यांत लावतात. दर फेरीला तिप्पट धरा. आठ फेऱ्यांत एका कोंबाचे कागदावर साडेसहा हजार होतात. प्रत्यक्षात पुष्कळ कमी हाती लागतात, कारण बुरशी. सकाळी रॅकवर एखाद्या बाटलीत कापसासारखं पांढरं दिसलं की आम्ही म्हणायचो, "गेली." मग मुळं, मग हरितगृहात ट्रे, मग शेडनेटमध्ये पिशव्या, आणि शेवटी तुमचा मृगबाग किंवा कांदेबाग, म्हणजे पावसाळी किंवा त्यानंतरची लागवड. एका वयाची रोपं एका दिवशी लावली म्हणून ती एका सुमाराला निसवतात आणि कापणी आटोपशीर होते. जळगावात ग्रँड नैन, म्हणजे तुमची जी-नाईन, ठिबकच्या जोडीने बसराईला मागे सारू शकली ती याच कारणाने. तिच्या जनुकांत कुणी हात घातलेला नव्हता.

पण नक्कल कधीकधी बिघडते, आणि हे लपवायला नको. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथे मागणी फार होती म्हणून एका खेपेला फेऱ्या वाढवल्या गेल्या. दहा, बारा, कुणी मोजलं नाही. पाच महिन्यांनी एक शेतकरी फोटो घेऊन आला. ओळीच्या ओळी खुज्या, पानं कोबीसारखी गुच्छ झालेली. तो म्हणाला, "मॅडम, मी केळी लावली होती, हे काय उगवलंय?" बाटलीत वारंवार वाढवताना पेशींत आपोआप बदल होतात आणि झाड वेगळंच निघतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात, तसंच. त्याला भरपाई मिळाली, ती वाद घालून आणि अर्धवट. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक बाटलीवर फेरीचा आकडा लिहिला गेला, आणि आठच्या वर मी सही केली नाही. पुढे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था सुरू केली. रोपं घेताना प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का आणि विषाणू चाचणीचा कागद आहे का, हे विचारायला गटातल्या बायकांना शिकवा. या विषयातलं घरी नेण्यासारखं ज्ञान हेच.

आता याच सातबाऱ्यातला दुसरा भाग. गाव नमुना सातवर मालकी असते, बारावर पीकपाहणी. नक्कल होते ती सातची. बारावर काय चढेल ते पाऊस, खत, पाणी आणि कष्ट ठरवतात. म्हणून एकाच बाटलीतून निघालेली रोपं तुमच्या शेतात तीस किलोचा घड देतील आणि शेजाऱ्याकडे अठराचा. जनावरांत हे आणखी ठळक दिसतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१च्या डिसेंबरात पहिलं मांजर क्लोन करून जन्माला आलं. मूळ मांजर पांढरं-काळं-नारिंगी, तिरंगी. पिल्लाच्या अंगावर नारिंगीचा ठिपकाही नव्हता. केसांचा रंग ठरवणारं एक जनुक ज्या गुणसूत्रावर असतं, त्याच्या दोन प्रतींपैकी कुठली झोपते आणि कुठली जागी राहते, यावर मांजरीची नक्षी ठरते. जनुकं तीच असूनही नक्षी वेगळी आली. मेलेला कुत्रा परत आणू म्हणणाऱ्यांना मी हे मांजर दाखवते.

डॉलीबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवू नका. पण एक आकडा सांगा. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली आणि केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडाशी जोडली. असे २७७ प्रयत्न झाले. त्यातले २९ भ्रूण तेरा मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले, आणि ५ जुलै १९९६ रोजी एकच कोकरू जिवंत जन्मलं. ज्याला हे 'कारखान्यात प्राणी बनवणं' वाटतं, त्याने हा हिशेब पाहावा. खरी क्रांती वेगळीच होती. कासेची पेशी ही कासेचीच राहते, असं तोवर शास्त्र धरून चाललं होतं. डॉलीने दाखवलं, की त्या पेशीतही अख्ख्या मेंढीचा उतारा शाबूत असतो. बीजांडात गेल्यावर तो पहिल्या पानापासून पुन्हा वाचला जातो. झाडांच्या बाबतीत आम्ही हे शेंड्याला आणि पानाला करत होतोच. जनावर मात्र तोवर हट्टी निघालं होतं.

गोठ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने आधी म्हशीवर काम केलं. २००९च्या फेब्रुवारीत जन्मलेलं पहिलं रेडकू काही दिवसांतच गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली आणि दोन वर्षं जगली. नंतरच्या गरिमा-२ ने तर २०१३मध्ये महिमा नावाच्या रेडकाला नेहमीसारखा जन्म दिला, म्हणजे क्लोन म्हैस वांझ नव्हती. त्यांची पद्धतही वाखाणण्याजोगी. महागडं यंत्र टाळून, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने हातानेच बीजांडातलं केंद्रक काढायचं. १६ मार्च २०२३ रोजी तिथे गंगा नावाची गीर कालवड जन्मली. पेशी गीरची, बीजांड साहिवालचं, कूस संकरित गाईची. तीन आया म्हणा, पण उतारा एकीचाच. तर शेजाऱ्याला सांगा: सध्या हे संशोधन आहे, सेवा नव्हे. त्याच्या गाईचा वंश सुधारायचा असेल तर चांगल्या वळूची सिद्ध रेतमात्रा आजही कितीतरी स्वस्त आणि खात्रीची आहे.

फेरफाराकडे जाताना पूल म्हणून पॉली ही मेंढी वापरा. डॉलीच्याच लोकांनी १९९७मध्ये ती घडवली. तिच्या पेशीत आधी माणसाचं एक जनुक घातलं, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं, आणि मग त्या पेशीची नक्कल काढली. हिमोफिलियाच्या एका प्रकारात हे प्रथिन रुग्णाच्या शरीरात नीट बनत नाही. मेंढीच्या दुधातून ते मिळावं हा बेत होता. डॉली ही नुसती नक्कल, पॉली ही फेरफार करून काढलेली नक्कल. एवढं समजलं की अर्धा तास सार्थकी लागला.

आता बीटी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विदर्भ-खानदेशात या विषयावर शांतपणे बोलणारा माणूस मिळत नाही.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. तो एक प्रथिन बनवतो, ते अळीच्या पोटात गेलं की आतड्याच्या भिंतीला चिकटून तिला छिद्रं पाडतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: अळीच्या आतड्यातलं अल्कलीयुक्त वातावरण आणि आतड्याच्या भिंतीवर त्या प्रथिनाला बसायला नेमकी जागा. आपलं जठर आम्लयुक्त आहे आणि ती जागा आपल्याकडे नाही. त्या प्रथिनाचं जनुक उचलून कपाशीत चढवलं, तो फेरफार. चढवायला वापरतात आणखी एक जिवाणू, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. तो निसर्गातच झाडांच्या खोडात स्वतःची जनुकं घुसवून गाठी आणतो. माणसाने त्याच्या पिशवीतला माल तेवढा बदलला. हे काम झालं ते कोकर ३१२ नावाच्या अमेरिकी वाणात, कारण तो वाण ऊतिसंवर्धनात एका पेशीपासून पुन्हा झाड व्हायला राजी असतो. तिथून संकर करत करत ते जनुक भारतीय वाणांत आणलं. मोन्सॅन्टोचं तंत्र वापरलेल्या, जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या वाणांना मार्च २००२मध्ये परवानगी मिळाली. २००६मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं.

सुरुवातीला अमेरिकन बोंडअळी खरंच आटोक्यात आली. हे नाकारणाऱ्याने नव्वदच्या दशकातली फवारणी पाहिलेली नसते. पण गुलाबी बोंडअळी चिवट निघाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी द्यायचे, ती कडेने लावा म्हणून. हेतू असा, की त्या आश्रय पट्ट्यात साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जोड्या जमवतील आणि प्रतिकार विरळ होत राहील. किती जणांनी ते पाकीट लावलं? बांधावर फेकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि शेतकऱ्याला पूर्ण दोषही देत नाही. अळ्यांसाठी जमीन सोडा, हे त्याला कुणी नीट समजावलंच नव्हतं. त्यात लांब मुदतीची हायब्रीड, आणि पाणी असेल तिथे फरदड घेणं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापसाचं तेच पीक राखणं; त्यामुळे अळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत घर मिळालं. आधी गुजरातेत पहिल्या जनुकाला प्रतिकार दिसला, मग दुसऱ्याला. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अमेरिकेत तीच अळी, तेच बीटी. पण तिथे आश्रय पट्टे पाळले, नसबंदी केलेले पतंग विमानाने सोडले, आणि २०१८मध्ये देशातून ती अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

म्हणून मला कुणी 'बीटी चांगलं की वाईट' विचारलं, की मी विचारते: कुणासाठी, कशासाठी? खाणाऱ्याला विष होईल ही भीती मला पटत नाही. सरकीचं तेल आपण फरसाणातून खातो आणि सरकीची पेंड खाल्लेल्या म्हशीचं दूध वीस वर्षं पितो आहोत. बियाण्याची किंमत, एकाच तंत्रावर सगळ्या गावाने टाकलेला भरवसा, अळीची हुशारी आणि कृषी सहायकाची रिकामी खुर्ची, या तक्रारी खऱ्या आहेत. बीटी वांग्याचा अनुभवही सांगा. २००९मध्ये तज्ज्ञ समितीने मान्यता दिली, २०१०च्या फेब्रुवारीत मंत्र्यांनी स्थगिती दिली, आणि बांगलादेशात २०१४पासून शेतकरी तेच लावतात. कुणाचं बरोबर यावर गटात वाद होऊ द्या. तो वाद होणं चांगलं.

बायकांना फेरफार जवळचा वाटावा असं वाटत असेल तर शेतातून दवाखान्यात या. गटातल्या कुणाच्या तरी फ्रीजच्या दारात इन्सुलिन असतंच. पूर्वी ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९८२पासून ते माणसाचं जनुक घातलेल्या जिवाणूकडून बनवून घेतलं जातं. बाळाला जन्मल्या जन्मल्या देतात ती हिपॅटायटिस-बीची लस अशाच फेरफार केलेल्या यीस्टपासून येते. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती उभी केली, तिला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढतात, त्यांच्यात कर्करोगाच्या पेशी ओळखणारं जनुक चढवतात, वाढवतात आणि परत सोडतात. जी माणसं जीएम वांग्याला घाबरतात, तीच हे ऐकून विचारतात, "खर्च किती येतो?"

क्रिस्परबद्दल विचारतीलच. त्याला मी लेखनप्रमाद दुरुस्ती म्हणते. महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तलाठ्याच्या हातून चुकलेलं अक्षर सुधारतात, त्यात बाहेरचं नाव चढत नाही. क्रिस्परने डीएनएमधलं, म्हणजे ज्या रेणूत जनुकं लिहिलेली असतात त्यातलं, ठरावीक अक्षर गाठून तिथेच खोडता किंवा बदलता येतं. त्यासाठी दोन महिला शास्त्रज्ञांना, शार्पंटिए आणि डाउडना यांना, २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे बचत गटात आवर्जून सांगा. नंदुरबार-गडचिरोलीकडे घराघरांत असलेल्या सिकलसेल आजारावर याच तंत्राचा उपचार २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. भाताचे असे दुरुस्त केलेले दोन वाण मे २०२५मध्ये आपल्या सरकारने जाहीर केले. बाहेरचं जनुक नसल्याने त्यांना जीएमचे कडक नियम लावलेले नाहीत. माणसाचा क्लोन झाला का, असं कुणी विचारेल. नाही. आपल्याकडे त्याला मनाईही आहे. चीनमध्ये २०१८ साली एकाने भ्रूणातच दुरुस्ती करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, आणि तो तुरुंगात गेला.

केळीची खरी काळजी कुठे आहे, तेही जाता जाता सांगा. सगळं जग एकाच कॅव्हेंडिश घराण्याच्या नकलांवर उभं आहे, आणि जी-नाईन त्यातलीच. याआधी बाजारात ग्रोस मिशेल नावाची केळी होती. तिच्याही सगळ्या नकलाच. पनामा मर या बुरशीच्या रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य अमेरिकेतले मळेच्या मळे बसवले. त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशला मारतो आणि तो भारतात शिरलेला आहे. ऑस्ट्रेलियात रानकेळीतलं प्रतिकाराचं जनुक कॅव्हेंडिशमध्ये चढवलेल्या वाणाला २०२४मध्ये मान्यता मिळाली. तो वाण आपल्याकडे आला तर ताईंचं वाक्य पहिल्यांदाच अर्धं खरं होईल: ती केळी क्लोनही असेल आणि जीएमही. तोवर दुसऱ्याच्या मळ्यातून माती लागलेले कंद उचलून आणू नका, आणि पिलबाग, म्हणजे पिल्लांवरचं पुढचं पीक, घेताना मर दिसली तर लपवू नका.

शेवटी भाषणाबद्दल. डीएनएची जिन्यासारखी पिळदार आकृती पहिल्याच मिनिटाला दाखवू नका, माणसं तिथेच उठतात. सोबत न्या: एक केळं, हापूसचं कलम किंवा निदान मोगऱ्याची फांदी, मूठभर सरकी, इन्सुलिनची रिकामी बाटली. प्रत्येक वस्तू हातात देऊन एकच विचारा, नक्कल की फेरफार? आणि जमल्यास हा प्रयोग करा. अर्धं केळं पेलाभर पाण्यात कुस्करा, त्यात चमचाभर मीठ आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण हलक्या हाताने मिसळा, फेस काढू नका. दहा मिनिटांनी मलमलच्या कपड्यातून काचेच्या पेल्यात गाळा. मग पेला तिरका धरून कडेने गार सर्जिकल स्पिरिट सावकाश सोडा. दोन थरांच्या मध्ये पांढरे, शेंबडासारखे धागे वर येतात, ते डीएनए. एकदा एका आजींनी ते काडीवर गुंडाळून विचारलं होतं, "हे काढून टाकलं तर केळं चांगलं होईल का?" मी त्यांना म्हटलं, आजी, हे भाकरीतही आहे, भाजीतही आहे आणि तुमच्या माझ्या हातातही.

स्पिरिट आदल्या रात्री घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, सभागृहात चहाच्या शेगडीपासून लांब. आणि केळं पूर्ण पिकलेलं घ्या, कच्च्यात धागे नीट निघत नाहीत.